रोमची चाळ आणि बोर्डीचे अंगण

‘मॉन्टेसरी’ हा शब्द आता शहरात अडकून राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी पाटी दिसते. आत रंगीत खुर्च्या, गणवेशातली मुले, आणि वर्षाची फी ऐकली की शेतकरी बापाचा चेहरा उतरतो. “हे आपल्यासाठी नव्हं, मोठ्यांच्या पोरांसाठी हाय,” असे म्हणून तो पोराचे बोट धरून माघारी फिरतो. आज मला एवढेच सांगायचे आहे, की ही शाळा मुळात मोठ्यांच्या पोरांसाठी निघालीच नव्हती. ती निघाली मजुरांच्या पोरांसाठी, आणि तीही एका चाळीत.

ती चाळ इटली देशात, रोम शहरात होती. सान लोरेंझो नावाच्या वस्तीत घरे अर्धवट बांधून पडली होती आणि त्यांत गरिबांची दाटी झाली होती. एका बांधकाम संस्थेने ती घरे दुरुस्त करून कामकरी कुटुंबांना भाड्याने दिली. पण झाले काय, की सकाळी आईबाप कामावर जात आणि शाळेच्या वयाची नसलेली पोरे घरी उरत. ती जिन्यावरून धावत, भिंतींवर रेघोट्या ओढत, नासधूस करीत. मालकांनी हिशेब केला. भिंती पुन्हापुन्हा रंगवण्यापेक्षा तोच पैसा एका खोलीवर आणि एका बाईच्या पगारावर खर्च केला तर? म्हणजे पाहा, जगभर गाजलेली ही शाळा जन्माला आली ती चुन्यारंगाच्या हिशेबातून!

हे काम डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे आले. १८७० साली जन्मलेल्या या बाई वैद्यकीच्या पदवीधर होत्या, आणि बुद्धीने मागे राहिलेल्या मुलांना शिकवण्याचा त्यांना अनुभव होता. ६ जानेवारी १९०७ रोजी पन्नासएक मुलांना घेऊन ती खोली उघडली. नाव दिले ‘कासा देई बाम्बिनी’, म्हणजे ‘मुलांचे घर’. शिकवणारी बाई त्याच इमारतीत राहायची. फी नव्हती, पण अटी होत्या. मूल अंग धुऊन, स्वच्छ कपड्यात पाठवायचे. आईने आठवड्यातून एकदा तरी बाईंना भेटायचे. मूल घाणेरडे आले किंवा आईबापांनी बाईंचा मान ठेवला नाही, तर नाव कमी! गरिबाला फुकट दिले तरी त्याच्याकडून जबाबदारी मागितली, हे शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता तिथला दिवस कसा जाई ते ऐका. मॉन्टेसरीबाईंनी आपल्या पुस्तकात हिवाळ्यातला दिनक्रम तासावारी लिहून ठेवला आहे. नऊ वाजता मुले येत. नमस्कार झाला की नखे, हात, केस पाहायचे. मग एकमेकांना अंगरखे चढवायचे, खोलीत धूळ आहे का ते बघायचे. त्यानंतर गप्पा : काल घरी काय झाले ते मुले सांगत. दहा ते अकरा बुद्धीचे काम. त्यात वस्तू हाताळणे, रंग, आकार, नावे, आणि मधे थोडी विश्रांती. अकरानंतर साधी कवायत : नीट चालणे, ओळीने जाणे, वस्तू अलगद ठेवणे. साडेअकराला जेवण. बारा ते एक मोकळा खेळ. एक ते दोन बाईंच्या देखरेखीखाली खेळ, आणि मोठ्या मुलांनी पाळीपाळीने झाडलोट करून सामान जागच्या जागी लावायचे. दोन ते तीन मातीकाम, चित्रे. तीन ते चार गाणी आणि कवायत, शक्यतो उघड्यावर. शिवाय झाडांना पाणी घालणे आणि पाळलेल्या प्राण्यांची देखभाल.

सात तासांच्या या दिवसात बाराखडीचे पाठांतर कुठे आहे? कुठेच नाही. अक्षरे होती, पण ती खरखरीत कागदाची. मुलाने त्यांच्यावरून बोट फिरवायचे, म्हणजे लिहिण्याआधी हाताला वळण लागे. लाकडी ठोकळ्यात कमीजास्त जाडीचे दट्टे बसवायचे असत. चुकीच्या भोकात दट्टा घातला तर शेवटचा उरतो, बसत नाही. बाईंनी ‘चुकलास’ म्हणायची गरजच पडत नाही. तिथे एक तीन वर्षांची मुलगी हे दट्टे चाळीसहून अधिक वेळा काढून पुन्हा बसवीत राहिली. भोवती मुलांनी गाणी म्हटली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबले नाही. लहान मुलाचे चित्त एका जागी ठरत नाही, असे आपण म्हणतो. त्याला हवे ते काम मिळाले तर ते असे ठरते.

आणखी एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. मॉन्टेसरीबाईंनी एके दिवशी मुलांना नाक कसे शिंकरावे ते दाखवले. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसे पुसायचे, एवढेच. धडा संपताच मुलांनी टाळ्या वाजवल्या! बाईंना नवल वाटले, मग उलगडा झाला. शेंबडे म्हणून या पोरांना सारे हिणवत होते; पण कसे पुसायचे ते त्यांचा मान राखून कुणी शिकवलेच नव्हते.

असो. ही विद्या आपल्याकडे कशी आली? भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. हे गृहस्थ मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉन्टेसरीकडे वळले. तिथे त्यांना येऊन मिळाल्या आपल्या मराठी ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाईंनी १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. १९३९ साली तर खुद्द मॉन्टेसरीबाई मद्रासला आल्या, महायुद्धामुळे इथेच राहिल्या, आणि त्यांनी शेकडो भारतीय शिक्षकांना तयार केले.

पण एक गोष्ट अडत होती. पॉलिश केलेले, मापात कापलेले लाकडी साहित्य महाग. ते घेणाऱ्या शाळा शहरात, आणि त्यांत जाणारी मुले खाऊनपिऊन सुखी घरची. चाळीत जन्मलेली शाळा बंगल्यात राहायला गेली! १९३१ साली लंडनमध्ये गांधीजी मॉन्टेसरीबाईंच्या संस्थेत गेले, तेव्हाही त्यांनी हेच बोलून दाखवले होते : हे शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे, तर कंगालांच्या मुलांनाही मिळावे.

ते करून दाखवले ताराबाईंनी. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या शहरातले जमलेले काम सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. सोबतीला आल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिका म्हणून उभ्या राहिलेल्या, पस्तीस वर्षांच्या. बोर्डीत बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुले तिथवर येईनात. मग ताराबाईंनी ठरवले, मूल शाळेत येत नाही ना, तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. ठरल्या जागी, ठरल्या वेळी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी. आणि वस्तीत, लोकांच्या सोयीच्या वेळी भरणारी ती अंगण-बालवाडी. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ शब्दाचे मूळ हे असे तुमच्याआमच्या अंगणात आहे.

साहित्यही बदलले. शिंपले, बिया, पाने, खडे, माती : जे गावात फुकट मिळते ते. लहानमोठे ओळखायला शिंपले काय वाईट? आणि दिवसाची सुरुवात तीच, रोमची : आधी हातपाय, तोंड, केस, नखे, मग गाणी, गोष्टी, काम.

पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलांत गेले. तिथे नवी अडचण आली. पोरगा गुरांमागे रानात, पोरगी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी. दोघांना दोन उपाय योजले. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिचे नाव कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली. तिचे नाव विकासवाडी. कडेवरचे पोर पाळण्यात ठेवले, की बहीण वर्गात बसायला मोकळी. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, हे व्रत चालवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेपूर्वीचे शिक्षण, अशी कितीतरी कामे तिच्याकडे आली. खिचडी हवीच, उपाशी पोटी कसले गाणे? पण खिचडी शिजवून, नोंदवह्या भरून ताई दमल्या, की सगळ्यांत आधी मागे पडते ते मुलाचे शिक्षण. त्याचा हिशेब कुणी लगेच विचारत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. गावातल्या अंगणवाडीत आईबापांनी आठवड्यातून एकदा जावे. रोमच्या मजूर आयांना हीच अट होती. ताईंना विचारावे, आज पोरांनी हातांनी काय केले? कुणी कुणाचे केस विंचरले? झाडाला पाणी कुणी घातले? आणि शिक्षकांनी पहिलीत आलेल्या पोराच्या हाती पाटी देण्याआधी त्याचे हात पाहावेत, मळले आहेत का म्हणून रागावण्यासाठी नव्हे, तर ते काय करू शकतात हे समजण्यासाठी.

फी ऐकून माघारी फिरणाऱ्या त्या बापाला कुणीतरी सांगा, बाबा, ही शाळा तुझीच होती. ती तुझ्या अंगणात आजही भरते. तिच्याकडे लक्ष मात्र ठेव.