मेंदूचा पक्षाघात व मज्जारज्जूच्या जन्मजात विकृती : बालकांवरील वैद्यकीय संशोधनाचा इतिहास आणि बुलडाणा जिल्हा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील आरोग्याचा इतिहास बहुतांशी साथीच्या रोगांच्या अंगाने लिहिला गेला आहे. प्लेग, पटकी, देवी, हिवताप यांनी शासनास जागे केले, म्हणून त्यांची कागदपत्रे विपुल प्रमाणात मागे राहिली. जन्मतःच हातपाय ताठरलेले मूल किंवा पाठीच्या कण्यावर उघडी गाठ घेऊन आलेले मूल मात्र साथ पसरवीत नाही. ते एका घराचे दुःख राहते आणि इतिहासाच्या साधनांत त्याचा मागमूस क्वचितच आढळतो. प्रस्तुत निबंधात अशा दोन अवस्थांवरील वैद्यकीय संशोधनाचा मागोवा घेतला आहे. पहिली मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. दुसरी मज्जानलिकेचे दोष, ज्यांत स्पायना बायफिडा ही मज्जारज्जूची विकृती मुख्य होय. या संशोधनाची वाटचाल पाहिली असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. कारणाचा शोध दरवेळी काळाच्या दृष्टीने मागे सरकत गेला : बाल्यातून प्रसूतीकडे, प्रसूतीतून गर्भावस्थेकडे आणि तेथून गर्भधारणेच्याही आधीच्या काळाकडे. शासकीय उपाय मात्र बहुधा त्याच्या एक पाऊल मागेच राहिले. बुलडाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने हे अंतर महत्त्वाचे आहे.

शिरगणतीतील रकाने :

बुलडाणा जिल्ह्याचा प्रदेश १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडाचा भाग होता. १८६४ च्या सुमारास येथे स्वतंत्र जिल्हा आकारास आला. इंग्रजी अमलातील शिरगणतीत १८८१ पासून १९३१ पर्यंत व्यंगांची नोंद घेतली गेली. तिच्यासाठी रकाने चार होते : वेडे, मुके-बहिरे, आंधळे व महारोगी. मेंदूच्या पक्षाघाताचे मूल यांपैकी कोठे बसणार? त्याची बुद्धी पुष्कळदा शाबूत असते, ऐकू येते, दिसते. परंतु जीभ व हातपाय त्याच्या इच्छेप्रमाणे चालत नाहीत. गणना करणाऱ्या कारकुनाने त्यास वेडे ठरवले असेल, मुके ठरवले असेल किंवा गाळले असेल. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेली मुले तर त्या काळी शिरगणतीचे वर्ष येईपर्यंत क्वचितच जगत असत.

स्वातंत्र्यानंतर १९८१ मध्ये अपंगांची नोंद पुन्हा घेण्यात आली, १९९१ मध्ये ती वगळली गेली, २००१ मध्ये पाच व २०११ मध्ये आठ प्रकार आले. २०११ च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यांतील मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांची संख्या या जनगणनेवरून काढता येत नाही, कारण ‘हालचालीतील अपंगत्व’ या एकाच रकान्यात पोलिओ, अपघात व मेंदूचा पक्षाघात एकत्र आले आहेत. कायद्याने ही ओळख थोडी आधी दिली होती. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात चलनवलनविषयक अपंगत्वाच्या व्याख्येत सेरेब्रल पाल्सीचा अंतर्भाव झाला, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तिला स्वतंत्र स्थान मिळाले. २०१६ च्या अधिनियमातील २१ प्रकारांतही ती आहे. स्पायना बायफिडाचे नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही.

या अदृश्यतेस आणखी एक कारण होते, ते म्हणजे पोलिओ. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था सुरू केली ती आपल्या मुलीला झालेल्या पोलिओच्या अनुभवातून. हाजीअली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेपुढेही पोलिओचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. खेड्यापाड्यांत तर पाय न टाकणारे प्रत्येक मूल ‘पोलिओचे’ ठरत असे. देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यानंतरही अशी मुले जन्मत राहिली, तेव्हा कोठे जुन्या नावाखाली किती निरनिराळे आजार दडले होते हे लक्षात येऊ लागले. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी स्वतंत्र शिक्षणाची सोय मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटीच्या रूपाने केली. तीही एका आईनेच उभी केलेली संस्था होती.

प्रसूतीवरील आरोप आणि त्याचे निराकरण :

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात मुलांच्या ताठरलेल्या अवयवांचा संबंध अडलेल्या प्रसूतीशी, अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी व जन्मवेळी श्वास कोंडण्याशी जोडला. लिटल यांचा स्वतःचाही एक पाय बालपणापासून वाकडा होता. त्यांच्या प्रतिपादनाचा प्रभाव इतका टिकला की या अवस्थेस दीर्घकाळ ‘लिटलचा रोग’ म्हटले गेले. पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड त्या काळी मज्जाविकारांचे अभ्यासक होते. १८९७ मधील ग्रंथात त्यांनी वेगळी शंका मांडली : गर्भातच काही बिघडले असल्यामुळे प्रसूती अवघड होत असेल, तर अवघड प्रसूती हे कारण नसून लक्षण ठरते. ही शंका जवळजवळ नव्वद वर्षे पडून राहिली. अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात पन्नास हजारांहून अधिक गर्भवतींची नोंद घेऊन त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करण्यात आला. त्या माहितीच्या आधारे कॅरिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे हे मेंदूच्या पक्षाघाताच्या अल्प भागाचेच स्पष्टीकरण आहे.

हा वाद केवळ परदेशी नियतकालिकांपुरता नाही. वऱ्हाडातील गावात असे मूल जन्मले की बोट प्रथम सुईणीकडे जाते, नंतर आईकडे. ग्रहण पाळले नाही, विळीवर काही चिरले, अशी कारणे सांगितली जातात. सुईण गेली व दवाखाना आला, तरी आरोपाची रीत फारशी बदलली नाही. आता तो परिचारिकेवर किंवा डॉक्टरवर होतो. नेल्सन-एलेनबर्ग यांच्या अभ्यासाचे सामाजिक मोल येथे आहे.

अर्थात प्रसूतीच्या वेळची काळजी गौण आहे असा याचा अर्थ नव्हे. विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातील स्त्रियांनाच गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याचे व जंतुसंसर्ग ओळखण्याचे प्रशिक्षण दिले गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. मात्र या प्रयोगाचे मुख्य मोजमाप मृत्यू हे होते. वाचलेले मूल पुढे मान कधी धरते, कधी बसते, हा निराळा व अधिक लांब पल्ल्याचा अभ्यास होय.

त्या दिशेचा एक मोठा प्रयत्न २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवल्यास मेंदूची हानी कमी होते, असे श्रीमंत देशांत सिद्ध झाले होते. हाच उपचार भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासण्यात आला. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकी एक होते. निष्कर्ष अपेक्षेच्या विरुद्ध आला. थंडाव्याने मृत्यू वा अपंगत्व घटले नाही, उलट मृत्यू वाढले. मेंदूच्या चित्रणावरून संशोधकांनी असे अनुमान काढले की, येथील पुष्कळ बाळांची हानी प्रसूतीच्या घटकेस नव्हे तर तिच्या बऱ्याच आधीपासून होत असावी. फ्रॉइड यांची शंका अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी दक्षिण आशियाच्या प्रसूतिगृहांत पुन्हा उभी राहिली. परदेशी उपचार जसाच्या तसा उचलता येत नाही, हेही यातून दिसते.

गिरणी कामगार स्त्रिया व एक जीवनसत्त्व :

मज्जारज्जूच्या विकृतींच्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाचा धागा मात्र मुंबईतून निघतो. इंग्रज वैद्यक संशोधक ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या. गर्भवती स्त्रियांना, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना, एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्याचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. हाफकिन संस्थेत त्यांनी या स्त्रियांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यास हा रक्तक्षय बरा होतो असे १९३१ मध्ये जाहीर केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ म्हटले जाऊ लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले व पानावरून त्यास फॉलिक ॲसिड हे नाव पडले. विल्स यांनी ज्याचा माग काढला होता ते हेच. मुंबईच्या चाळींतील ज्या स्त्रियांच्या रक्तावर हे ज्ञान उभे राहिले, त्यांची नावे वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत नाहीत.

या द्रव्याचा मज्जारज्जूशी काय संबंध? गर्भाच्या पाठीवरील एक पट्टी दुमडून नळी तयार होते व तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती खालच्या बाजूस उघडी राहिली तर स्पायना बायफिडा होतो. वर उघडी राहिली तर मेंदूची व कवटीची घडण अपुरी राहते आणि असे बाळ जगत नाही. एलिझाबेथ हिबर्ड व रिचर्ड स्मिथेल्स यांनी १९६५ मध्ये लिव्हरपूल येथील अभ्यासातून या दोषांचा संबंध आईमधील फॉलिक ॲसिडच्या कमतरतेशी जोडला. निर्णायक पुरावा १९९१ मध्ये मिळाला. सात देशांतील ३३ केंद्रांत, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांवर ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या चाचणीत फॉलिक ॲसिडमुळे दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीही अशीच चाचणी १९८८ पासून चालू होती. ब्रिटिश निष्कर्ष हाती येताच ती मध्येच थांबवावी लागली, कारण उपयुक्त ठरलेले औषध निम्म्या स्त्रियांना न देणे यापुढे नीतीस धरून नव्हते. जमलेल्या माहितीतही कल तोच होता : औषध घेतलेल्या गटात पुनरावृत्ती सुमारे ३ टक्के, न घेतलेल्यांत ७ टक्के.

शस्त्रक्रियेचा इतिहास वेगळा आहे. डोक्यात साचणारे पाणी वाहून नेणारी झडप जॉन होल्टर या अमेरिकी तंत्रज्ञाने १९५६ मध्ये आपल्या स्पायना बायफिडाग्रस्त मुलासाठी बनवली व त्यानंतर अशी मुले मोठ्या संख्येने जगू लागली. पण जगण्याबरोबर आयुष्यभराची मूत्राशयाची व पायांची शुश्रूषाही आली. ती शहरी रुग्णालयांभोवती केंद्रित राहिली.

पुण्यातील संशोधनाने या कथेस स्थानिक वळण दिले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास केला. तेथे फॉलिक ॲसिडची कमतरता जवळपास आढळली नाही. मात्र सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. भाकरी, डाळ व पालेभाजीच्या आहारात पहिले मिळते, दुसरे प्राणिज पदार्थांखेरीज मिळत नाही. पुढे डॉ. कौमुदी गोडबोले व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की, बी-१२ पेशींपर्यंत पोहोचविणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील फरकाचा भारतीय मातांत मज्जानलिकेच्या दोषांशी संबंध आहे. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या घाटाखालच्या व घाटावरच्या बुलडाणेकर स्त्रीस केवळ फॉलिक ॲसिड पुरेसे आहे काय, हा प्रश्न म्हणूनच खुला राहतो.

बुलडाणा जिल्ह्यातील प्रश्न :

येथे पुन्हा काळाचा मुद्दा येतो. लोह व फॉलिक ॲसिडची रोजची गोळी गर्भवतीस चौथ्या महिन्यापासून दिली जाते. मज्जानलिका तर पहिल्याच महिन्यात मिटलेली असते. पुष्कळ स्त्रियांना त्या वेळी आपण गर्भवती आहोत हेही ठाऊक नसते. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भधारणेपूर्वी व पहिल्या तीन महिन्यांत रोज फॉलिक ॲसिड घेण्याचा सल्ला आहे. परंतु लग्न झालेली मुलगी गर्भधारणेपूर्वी उपकेंद्रात जाण्याचे निमित्तच आपल्या समाजात नाही. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावे किंवा कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबे यांच्याबाबत ही अडचण अधिक गंभीर होय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या आजारांच्या यादीत पहिलेच नाव मज्जानलिकेच्या दोषाचे आहे आणि विकासातील अडथळ्यांत मेंदूच्या पक्षाघाताचाही समावेश आहे. फिरती पथके अंगणवाड्यांतून वर्षातून दोनदा तपासणी करतात. शिरगणतीतील चार रकान्यांच्या तुलनेत ही मोठी प्रगती होय. तथापि, जो दोष बाळास जगूच देत नाही तो अंगणवाडीत कसा सापडणार? भारतातील मज्जानलिकेच्या दोषांचे प्रमाण हजार जन्मांमागे ४.५ असल्याचे प्राजक्ता भिडे, डॉ. अनिता कर आदींनी २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यासांवरून काढले. त्यासाठी हाती आलेली माहिती बहुतांशी रुग्णालयांची होती, खेड्यांची अत्यल्प.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलडाण्याचे महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या इतिहासात प्रथमच येथे वैद्यकीय अध्यापनाची शासकीय संस्था उभी राहिली आहे. तिच्या हाताशी एक साधन आधीपासूनच आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद करावी लागते व त्या नमुन्यात गर्भमृत्यूच्या कारणासाठी जागा असते. ती जागा प्रसूतिकक्षातच, बाळाची पाठ व डोके पाहून, त्याच दिवशी भरली गेली तर या जिल्ह्यात अशी किती बालके जन्मतात याचा पहिला आकडा हाती येईल.