सामाईक संगणकाची किल्ली

कचेरीतला संगणक नेमका कोणाचा? ज्याने पैसे मोजले त्याचा, की जो आठ तास त्याच्यापुढे बसतो त्याचा? प्रश्न वरवर फुसका वाटतो. पण सकाळपाळीच्या माणसाने पडद्यावरची चित्रे इकडची तिकडे केली, मागे घरच्यांचा फोटो लावला आणि दुपारपाळीचा माणूस 'माझी फाइल कुठे गेली?' म्हणून शोधत बसला, की तो उभा राहतोच. त्यातूनच पडद्याची मांडणी बदलता येऊ नये, असा बंदोबस्त करण्याची पद्धत रुजली. तिचा इतिहास गमतीचा आहे. कुलूप आधी होते, मग ते निघाले आणि पुन्हा बसवले तेव्हा बरीच वर्षे ते नुसतेच दिसायला होते.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी एकच मोठे यंत्र अनेकांना एका वेळी वापरता येईल अशी प्रणाली करून दाखवली. यंत्र सामाईक, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा कप्पा आणि त्यासाठी पासवर्ड. वेळही वाटून दिलेला असे. तो पुरेना, म्हणून १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली! कुलूप आणि कुलूपतोड ही जवळजवळ जुळी भावंडे म्हणायची. पुढे युनिक्स प्रणालीतही हीच रीत राहिली. साध्या वापरणाऱ्याने आपल्या कप्प्यापुरते पाहावे, सारे अधिकार 'रूट' या एकाच खात्याकडे.

१९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. नावातच 'पर्सनल'. एका माणसाचे यंत्र, मग कुलूप कोणापासून? त्याच्या डॉस प्रणालीत वेगवेगळ्या वापरणाऱ्यांची कल्पनाच नव्हती. पण कचेऱ्यांनी तो घेतला आणि एकेका यंत्रापुढे तीन-तीन माणसे बसवली. एकट्यासाठी बांधलेल्या खोलीची अशी धर्मशाळा झाली.

१९९२ च्या विंडोज ३.१ मधला बंदोबस्त पाहण्यासारखा आहे. प्रोगमॅन.आयएनआय नावाची एक साधी मजकुराची फाइल होती. तिच्यात 'नोसेव्हसेटिंग्ज' असा शब्द लिहून पुढे १ हा आकडा घातला, की केलेले बदल साठवले जात नसत. 'नोरन' लिहिले, की आज्ञा देऊन कार्यक्रम सुरू करण्याची सोय बंद. मात्र ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून ती ओळ पुसण्याइतके ज्याला कळत होते, त्याला कसलीच आडकाठी नव्हती. १९९५ च्या विंडोजबरोबर नियम ठरवण्याचे स्वतंत्र साधन आले. वॉलपेपर, रंग, स्क्रीनसेव्हर बदलण्याची पानेच त्याने लपवता येत. पण सुरुवातीला नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट? जाळ्यातून ओळख पटवण्याची सक्ती केलेली नसेल, तर एस्केप कळ दाबून सरळ आत जाता येई. दार आहे, कडी आहे, पण बाजूला भिंत नाही.

खरी भिंत विंडोज एनटीत होती. १९९३ पासून तिथे वेगळी खाती आणि प्रत्येक फाइलवर कोणाचा किती अधिकार, हे ठरवता येऊ लागले. मात्र तिथल्या नियमांना एक खोड होती. एकदा लावलेला नियम नंतर काढून टाकला, तरी यंत्रात त्याची खूण राही. तंत्रज्ञ त्याला 'टॅटू' म्हणत. आपल्याकडचे गोंदणच ते! २००० मध्ये विंडोज २००० बरोबर 'ग्रुप पॉलिसी' आली. एका ठिकाणी बसून शेकडो यंत्रांना नियम लावायचे, यंत्रांनी साधारण दीड तासाने ते पुन्हा तपासून घ्यायचे आणि नियम उठला की त्याची खूणही जायची. २००७ मध्ये तर अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांतल्या विंडोज संगणकांची मांडणी एका ठरावीक साच्यात आणण्याचा आदेशच काढला.

देखभाल करणाऱ्याची बाजू खोटी नाही. कोणी पडद्याची अक्षरे बदलली, की दूरध्वनी त्यालाच येतो. तरीही वॉलपेपरवर बंदी घालणे हा बहुतेक ठिकाणी आळशी उपाय होता, असे मला वाटते. भांडण मुळात सामाईक यंत्राचे नव्हते, सामाईक खात्याचे होते. प्रत्येकाला वेगळे खाते दिले की एकाचा फोटो दुसऱ्याच्या पडद्यावर येत नाही. पण दहा जणांना मिळून एकच खाते आणि त्याचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला, ही रीत आपल्याकडे चांगलीच मुरली होती.

या कुलपाची झळ मराठीलाही बसली. विंडोज २००० आणि २००१ मध्ये आलेल्या एक्सपीत युनिकोड मराठीची सोय होती, मंगल हा टंकही होता. पण एक्सपीत ती आपोआप चालू होत नसे. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन भाषेच्या पानावर एक खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागे. पडद्यावरचे फूल बदलू नये म्हणून जिथे कंट्रोल पॅनलच बंद केले होते, तिथे मराठीत पत्र लिहू पाहणाऱ्या कारकुनालाही त्याच दारावर थांबावे लागे. किल्ली असलेला माणूस अनेकदा दुसऱ्याच गावी असे. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टात ही सोय मुळातच चालू ठेवली गेली आणि त्या खुणेची गरज संपली. पण जुनी एक्सपी यंत्रे कचेऱ्यांत त्यानंतरही कित्येक वर्षे चालत राहिली.