दूरस्थ संघर्ष आणि इंटरनेटवरील चळवळ : ‘कोनी २०१२’ मोहिमेचा परामर्श

प्रस्तावना

दूरदेशीच्या अन्यायाविरुद्ध आवाज उठविण्याची परंपरा इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील अनेक कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमातून तयार होणारी साखर वर्ज्य केली होती. त्या बहिष्कारात सहभागी होणाऱ्यास रोजच्या चहापुरती का होईना, झळ सोसावी लागे. इंटरनेटमुळे ही झळ जवळजवळ नाहीशी झाली आणि सहानुभूती अतिशय स्वस्त झाली. प्रस्तुत लेखात ‘कोनी २०१२’ या मोहिमेच्या आधारे अशा चळवळींतील दांभिकता व विनम्रता यांचा विचार केला आहे.

संघर्षाची पार्श्वभूमी

१९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी युगांडात सत्तेवर आल्यानंतर उत्तरेकडील अचोली प्रदेशात बंडाळी सुरू झाली. त्यातून जोसेफ कोनी याची ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ ही सशस्त्र संघटना उभी राहिली. तिने हजारो मुले पळवून नेली आणि त्यांच्या हाती शस्त्रे दिली. दुसरीकडे, सरकारने १९९६ पासून अचोली जनतेला छावण्यांत राहण्यास भाग पाडले. तेथील रोगराईनेही असंख्य बळी घेतले. सामान्य अचोली माणूस अशा प्रकारे दोन्ही बाजूंनी भरडला गेला.

२००५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने कोनीविरुद्ध अटकेचे वॉरंट काढले. २००६ मध्ये जुबा येथे शांतता वाटाघाटी सुरू झाल्या आणि बंडखोर युगांडाबाहेर पडले. वाटाघाटी फिसकटल्यावर डिसेंबर २००८ मध्ये युगांडाच्या सैन्याने काँगोतील त्यांच्या तळांवर हल्ला केला. त्यानंतर नाताळच्या सुमारास बंडखोरांनी काँगोतील शेकडो ग्रामस्थांची कत्तल केली. लष्करी कारवाईची किंमत कोण मोजतो, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

मोहीम आणि तिचे स्वरूप

५ मार्च २०१२ रोजी ‘इन्व्हिजिबल चिल्ड्रन’ या अमेरिकन संस्थेने सुमारे अर्ध्या तासाची चित्रफीत प्रसृत केली. आठवडाभरात ती दहा कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. कोनीचे नाव जगभर गाजवावे, म्हणजे त्याला पकडण्यासाठी अमेरिकन शासनावर दबाव राहील, अशी तिची मांडणी होती. त्यासाठी भित्तिपत्रके व मनगटी पट्टे विक्रीस ठेवण्यात आले. बंडखोर युगांडातून निघून गेल्याला त्या वेळी सुमारे सहा वर्षे झाली होती. चित्रफितीत याचा उल्लेख ओझरता होता. निवेदक आणि त्याचा लहान मुलगा यांना मात्र तीत मध्यवर्ती स्थान होते.

१३ मार्च रोजी उत्तर युगांडातील लिरा येथे ही चित्रफीत हजारो लोकांना दाखविण्यात आली. ज्याने आपली मुले पळविली त्याचे नाव छापलेले कपडे व पट्टे विकले जातात, हे पाहून प्रेक्षक संतप्त झाले आणि कार्यक्रम गोंधळात संपला. २० एप्रिलच्या रात्री जगभरातील शहरे भित्तिपत्रकांनी भरून टाकण्याचे आवाहन होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मोजकेच लोक रस्त्यावर आले.

दांभिकता आणि विनम्रता

या मोहिमेतील लाखो तरुणांची कळकळ खोटी होती, असे म्हणता येणार नाही. दांभिकता कळकळीत नव्हती. ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांना न विचारता त्यांच्या वतीने मागणी करण्यात ती होती. कोनीच्या सैन्यात पळवून नेलेली मुलेच मोठ्या संख्येने होती. त्यामुळे सशस्त्र कारवाईत गोळी अनेकदा कोणा अचोली मातेच्या मुलालाच लागणार होती. म्हणूनच अचोली धर्मगुरूंनी माफी व वाटाघाटींचा आग्रह धरला आणि २००० मध्ये माफीचा कायदा संमत झाला. बालपणी अपहृत होऊन पुढे सेनानी झालेल्या डॉमिनिक ओंगवेन याला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ वर्षांची शिक्षा दिली. बळी आणि गुन्हेगार एकाच देहात असू शकतात, हे सत्य भित्तिपत्रकावर मावणारे नव्हते. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसेच दुरून युद्धेही सोपी दिसतात.

याच संस्थेचे दुसरे काम येथे नोंदविणे न्यायाचे ठरेल. काँगो व मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील गावांना हल्ल्याची पूर्वसूचना देणारे रेडिओ-जाळे उभारण्यात, तसेच बंडखोरांना घरी परतण्याचे आवाहन पोहोचविण्यात तिचा वाटा होता. ते काम स्थानिक लोकांच्या माहितीवर आणि विश्वासावर चालत असे. त्याला दहा कोटी प्रेक्षक लाभले नाहीत.

समारोप

२०१७ मध्ये अमेरिका व युगांडा यांनी कोनीचा शोध थांबविला. २०२५ मध्ये त्याच्या अनुपस्थितीत न्यायालयीन सुनावणी झाली, तेव्हाही तो फरारच होता. दूरच्या दुःखाविषयी मौन पाळावे, असा याचा अर्थ नाही. साखर सोडणारी कुटुंबेही दूरचीच होती. मात्र आपल्या मागणीची किंमत आपण मोजणार नसू, तर ती मोजणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकणे हे किमान कर्तव्य ठरते. विनम्रता म्हणजे निष्क्रियता नव्हे. बोलण्यापूर्वी ऐकण्याची ती शिस्त आहे. लिरा येथील प्रेक्षकांचा संताप जगाला हेच सांगत होता.