रोमच्या कैसराचें रुपें आणि आपला किनारा

आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें जुन्या नाण्यांवर लेख कां लिहावा, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील. त्याचें उत्तर शुभवर्तमानांतच आहे. कैसरास कर द्यावा कीं देऊं नये, असें प्रभूला पेंचांत टाकण्यासाठीं विचारण्यांत आलें, तेव्हां त्यानें प्रथम कराचें नाणें दाखवावयास सांगितलें, आणि त्यावरील मुद्रा व लेख कोणाचा, अशी पृच्छा केली. संत मत्तय, संत मार्क व संत लूक या तिघांनींही हा प्रसंग नमूद केला आहे. विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, प्रभूनें त्या नाण्याचें वजन विचारलें नाहीं, मोलही विचारलें नाहीं. चेहरा कोणाचा व अक्षरें कोणाचीं, एवढेंच विचारलें. नाण्यांचा शास्त्रशुद्ध संग्रह करणारा मनुष्य आजही हाच प्रश्न पहिल्यानें विचारतो. हाच प्रश्न आपल्या गांवांत मला एकदां विचारला गेला आणि मीं त्याचें उत्तर दिलें नाहीं. ती हकीकत पुढें येईल.

तें नाणें कोणतें होतें, हें आधीं पाहूं. मूळ ग्रीक ग्रंथांत त्यास ‘देनारियोन’ म्हटलें आहे; रोमन लोक त्यास ‘देनारियुस’ म्हणत. आपल्याकडे गुप्त राजांच्या काळांत सोन्याच्या नाण्यास ‘दीनार’ म्हणूं लागले, तो शब्द याच देनारियुसापासून आला. हें नाणें चांदीचें असून त्याचें वजन सुमारें पावणेचार ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या चांदीच्या पावलीहून जड व अधेलीहून हलकें असे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत मजुराची दिवसाची मजुरी म्हणून सांगितलेलें नाणें तें हेंच. प्रभूच्या कार्यकाळीं रोमच्या सिंहासनावर तिबेरियुस कैसर होता, त्यानें इ. स. १४ ते ३७ पर्यंत राज्य केलें. म्हणून प्रभूपुढें आणलेलें नाणें बहुधा त्याच्याच छापाचें असावें, असें पुष्कळ विद्वान मानीत आले आहेत. या छापाच्या दर्शनी बाजूस पानांचा मुकुट धारण केलेलें कैसराचें मस्तक असून, दैवतपदास पोंचलेल्या औगुस्तुसाचा पुत्र तिबेरियुस, अशा अर्थाचीं लॅटिन अक्षरें त्याच्या भोंवतीं आहेत. उलट बाजूस आसनावर बसलेली एक स्त्री आहे. तिच्या एका हातांत राजदंड व दुसऱ्या हातांत डहाळी आहे, आणि बाजूस ‘महापुरोहित’ ही कैसराची पदवी कोरली आहे. मनुष्यास देव म्हणणारें हें नाणें धर्मनिष्ठ यहुद्यांना किती बोंचत असेल, याची यावरून कल्पना येते.

हें नाणें पालेस्ताईनांत फिरत असतां, त्याच काळीं तें आपल्या समुद्रांतूनही येत होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या सफरीचें एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. तें ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. भडोच बंदरांत सोन्याचांदीचे देनारियुस उतरतात व देशी नाण्यांशीं त्यांचा बदल केला असतां नफा होतो, असें त्यांत नमूद आहे. पुढें कल्याण, चेऊल अशीं बंदरें सांगत तो लेखक दक्षिणेकडे जातो. त्यानें दिलेल्या नांवांपैकीं एक विजयदुर्गाचें व एक मालवणचें असावें, आणि त्यानें उल्लेखिलेलीं बेटें म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक असावेत, असें कांहीं पंडितांचें मत आहे. एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी अशा आपल्या तोंडवलीच्या वाळूवर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें, तर ज्या पाण्यावरून तीं गलबतें मोसमी वाऱ्याबरोबर दक्षिणेस गेलीं तें पाणी हेंच, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या व्यापारांत रोमचें किती धन वाहून जात होतें, याविषयीं प्लिनी नामक रोमन ग्रंथकारानें तक्रारच केली आहे. हिंदुस्थान दरवर्षीं पांच कोटि सेस्तर्स ओढून नेतो, असें तो लिहितो. चार सेस्तर्सांचा एक देनारियुस. म्हणजे हा आंकडा सव्वा कोटि देनारियुसांच्या घरांत जातो. प्लिनीनेंच दिलेली दुसरी एक हकीकत मनोरंजक आहे. क्लौदियुस कैसराच्या कारकीर्दींत वाऱ्यानें भरकटलेला एक रोमन मनुष्य सिंहलद्वीपास लागला. त्याच्याजवळचे देनारियुस तेथील राजानें पाहिले. त्यांवरील चेहरे निरनिराळ्या कैसरांचे असूनही सर्वांचें वजन सारखेंच, हें पाहून त्या राजास रोमन लोकांच्या सचोटीचें मोठें कौतुक वाटलें.

येथवर झाली ग्रंथांची साक्ष. आतां जमिनीची साक्ष पाहूं. दक्षिण हिंदुस्थानांत या चांदीच्या नाण्यांचे मोठमोठे सांठे सांपडले आहेत. बंगळूरनजीक यशवंतपूर येथें १८९१ सालीं १६३ नाणीं निघालीं. तेलंगणांतील अक्कनपल्ली येथील सांठ्यांत १,५३१ होतीं. अशा सांठ्यांतून बहुतेक नाणीं औगुस्तुस व तिबेरियुस या दोघांचींच आढळतात. त्याचें कारण असें सांगतात कीं, इ. स. ६४ च्या सुमारास नेरो कैसरानें देनारियुसाचें वजन घटविलें व त्यांत हीण मिसळलें; आपल्याकडील व्यापारी चोखंदळ असल्यामुळें त्यांनीं जुन्या, चोख नाण्यांसच पसंती दिली. कित्येक नाण्यांवर कैसराच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव घातलेला दिसतो. आंत तांबें तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं तो घातला असें एक मत आहे. परकी राजाची मुद्रा रद्द करण्यासाठीं घातला असें दुसरें.

या सर्व गोष्टी आज आपणांस कळतात, त्या नाणीं सांपडलीं म्हणून नव्हे, तर कोणीतरी तीं मोजलीं, तोललीं व एकेक करून लिहून ठेवलीं म्हणून. मद्रासच्या संग्रहालयांतील रोमन नाण्यांची सूचि एडगर थर्स्टन यांनीं १८८८ सालीं छापली. रॉबर्ट सिवेल यांनीं १९०४ सालीं सबंध हिंदुस्थानांतील रोमन नाण्यांच्या स्थळांची यादी प्रसिद्ध केली. परमेश्वरीलाल गुप्त यांनीं आंध्रांतील रोमन नाण्यांची सूचि १९६५ सालीं काढली. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या उभारणींतही त्यांचा मोठा वाटा होता. १९८९ सालीं पॉला टर्नर या विदुषीनें या सर्व सांठ्यांचा पुन्हा एकवार पडताळा घेतला.

मग आपल्या महाराष्ट्रांत कैसराच्या चांदीचे असे मोठे सांठे कां सांपडत नाहींत? भडोच व कल्याण हीं तर व्यापाराचीं मुख्य द्वारें. या प्रश्नाचें उत्तर मुशींत आहे, असें बहुतेक अभ्यासकांस वाटतें. त्या काळीं भडोचपासून नाशिकपर्यंतचा मुलूख क्षहरात वंशांतील नहपान राजाच्या ताब्यांत होता. त्यानें स्वतःचें चांदीचें नाणें पाडलें. महाराष्ट्रांत चांदीच्या खाणी नाहींत. तेव्हां बंदरावर उतरलेले देनारियुस वितळवून त्याच चांदीवर नहपानाचा छाप मारला गेला असावा, असें अनुमान निघतें. त्याच्या नाण्यावर एका बाजूस राजाचें मस्तक व भोंवतीं ग्रीक अक्षरें, आणि दुसऱ्या बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरांत त्याचें नांव आहे. म्हणजे तिबेरियुसाचा मुखवटा गेला आणि त्याच रुप्यावर नहपानाचा आला!

या नहपानाच्या नाण्यांची जी हकीकत आहे, ती माझ्या मतें प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असावी. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी या गांवीं चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड सांठा सांपडला. त्यांत तेरा हजारांवर नाणीं होतीं. वजनानें विकलीं असतीं, तर सोनाराच्या भट्टींत एका दिवसांत त्यांचा गोळा झाला असता. परंतु रेव्हरंड एच. आर. स्कॉट या मिशनरी विद्वानानें तीं चिकाटीनें तपासलीं व १९०८ सालीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत आढळलें तें असें: सर्व नाणीं नहपानाचीं, परंतु त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारला होता. शिवाय नहपानाचें नांव एकच असतां चेहरे मात्र नाना प्रकारचे, कोणी तरुण, कोणी वृद्ध, कोणाचें नाक सरळ, कोणाचें बांकदार, असेंही दिसून आलें.

या मोजणीचें महत्त्व काय? नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या मातेचा एक शिलालेख आहे. आपल्या पुत्रानें क्षहरात वंशाचा निःपात केला, असें त्यांत म्हटलें आहे. मातेनें पुत्राचें गुणगान केलें, त्यांत अतिशयोक्ति असेल, असें कोणीही म्हणूं शकला असता. पण नहपानाच्या मुखावर विजेत्यानें स्वहस्तें उमटविलेली मुद्रा हजारों नाण्यांवर सांपडली, तेव्हां त्या शिलालेखास दुसरा साक्षीदार मिळाला. यांतलें एकटें नाणें बाजारांत मिळालें असतें, तर तें एक कुतूहलाची वस्तु ठरलें असतें. सबंध सांठा, त्याचें स्थळ आणि त्याची गणती एकत्र राहिली, म्हणून इतिहास सिद्ध झाला.

अशा कामास मोठी विद्वत्ता लागते, असें कोणी समजूं नये. तेर गांवचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आपल्याच गांवच्या पांढरीच्या टेकाडांतून निघणाऱ्या जुन्या वस्तु जमविल्या. आज त्यांच्या नांवाचें सरकारी संग्रहालय तेथें उभें आहे. पेरिप्लसांतील ‘तगर’ शहर तें हेंच तेर. आपल्या ख्रिस्तसभेंतील उदाहरण द्यावयाचें, तर येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांचें देतां येईल. स्पेनमधून आलेल्या या धर्मगुरूनें मुंबईच्या संत झेवियर महाविद्यालयांत १९२६ सालीं इतिहाससंशोधनाची संस्था स्थापिली. तिच्या संग्रहांत जुनीं नाणींही आहेत. जमिनींतून निघालेल्या वस्तूस मान देणें हें धर्मसेवेस विसंगत नाहीं, हें त्यांच्या आयुष्यावरून दिसून येतें.

आतां माझी हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या गांवांतील एका कुटुंबानें जुनें मातीचें घर उतरविलें. चुलीच्या खोलीच्या भिंतींत एक लहानसें मडकें निघालें व त्यांत मूठभर चांदीचीं नाणीं होतीं. घरचा कर्ता पुरुष तीं फडक्यांत बांधून माझ्याकडे घेऊन आला आणि त्यांतील एक पुढें करून म्हणाला, “फादर, ह्येच्यार कोणाचा तोंड आसा?” सणाचे दिवस जवळ आले होते, मंडपवाला दाराशीं उभा होता. मीं नाण्यांकडे नीट पाहिलेंही नाहीं. “मागाहून पाहूं,” असें म्हणून मीं तें फडकें परत दिलें. तीन आठवड्यांनीं मला आठवण झाली, तोंपर्यंत मुलीचें लग्न ठरलें होतें आणि त्या चांदीचे पैंजण झाले होते. त्या कुटुंबाचा यांत अणुमात्र दोष नाहीं. त्यांनीं विचारावयाच्या माणसास विचारलें होतें. तीं नाणीं रोमचीं होतीं असें मी म्हणत नाहीं. राणीछाप रुपये असतील, गोव्याकडील पोर्तुगीज रुपिये असतील. परंतु तीं कोणाचीं होतीं, तें घर कोणत्या काळचें व तेथील पूर्वजांचा व्यवहार कोणत्या मुलखाशीं होता, हें सांगणारा साक्षीदार मुशींत गेला, तो कायमचा. भडोचच्या मुशीस दोष देणारा मी, मालवण तालुक्यांतील एका मुशीस कारण झालों.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें चार गोष्टी विनवितों. जुनें नाणें सांपडल्यास तें चिंचेनें, राखेनें वा लिंबानें घासूं नये. चकाकी येते, परंतु अक्षरें जातात. तें कोठें, किती खोल, कशांत व किती जणांच्या संगतींत सांपडलें, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, वजन व व्यास नोंदवावा. सांठा निघाल्यास त्यांतील नाणीं वांटून घेऊं नयेत. आणि जमिनींत वा भिंतींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास, १८७८ च्या कायद्याप्रमाणें त्याची लेखी खबर कलेक्टरास देणें बंधनकारक आहे. त्या कायद्यांत सांपडविणाऱ्याच्या हिश्शाचीही तरतूद आहे, म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

मिस्सा-ग्रंथांच्या कपाटांत आतां एक कोरी वही ठेविली आहे. ज्यांच्या घरीं आजीच्या पेटींत जुनीं नाणीं असतील, त्यांनीं तीं घेऊन यावें. त्यांची नोंद करून तीं त्याच वेळीं ज्याचीं त्यास परत देण्यांत येतील. घरमालकाचें नांव बाहेर कोणास सांगितलें जाणार नाहीं. चेहरा कोणाचा, हा प्रश्न आपण विचारा. यापुढें ‘मागाहून पाहूं’ हें उत्तर माझ्याकडून मिळणार नाहीं.