एका पौंडाचे सोळा गोळे

परभणीकडे रोही आणि रानडुकरांनी तूर-हरभऱ्याचा फडशा पाडला की बंदुकीचा विषय निघतो, आणि बंदूक म्हणजे बारा बोअर हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. सोळा बोअरचा शौकीन विरळा. पण एकदा तिच्या नादी लागला की बाराकडे वळून पाहत नाही.

हा आकडा उलटा चालतो: आकडा मोठा, तर नळी बारीक. कारण तो मूळचा वजनाचा हिशेब. पौंडभर शिशाचे सारखे बारा गोळे पाडायचे. त्यातला एक जिच्यात नेमका बसेल ती बारा बोअर, साधारण 18.5 मिलिमीटरची. सोळा पाडले की 16.8 मिलिमीटर. ठासणीच्या काळात शिसं वजनावर घेऊन गोळ्या घरीच ओतायच्या, तेव्हा पौंडात किती बार निघतील हे त्या आकड्यातच कळे. 1868 च्या ब्रिटिश कायद्याने या मापांचा तक्ताच ठरवून दिला.

सोळाची मौज अशी की पौंडात औंसही सोळाच. म्हणून तिचा गोळा बरोबर एका औंसाचा, 28.35 ग्रॅमचा, आणि छर्र्यांचा नेहमीचा भारही तेवढाच. हा भार नळीत जेवढा रुंद जवळपास तेवढाच उंच राहतो, त्यामुळे छर्रे एकगठ्ठा जातात, असं तिचे चाहते सांगतात. मला त्यात निम्मं शास्त्र आणि निम्मं प्रेम दिसतं. हलकेपणा मात्र खरा, बंदूक सोळाच्याच सांगाड्यावर बांधलेली असेल तर.

जर्मनी-फ्रान्समध्ये ती सुखाने नांदली. अमेरिकेत स्कीट नेमबाजीचे गट पडले ते बारा, वीस, अठ्ठावीस आणि चारशे दहाचे. सोळाला जागाच उरली नाही. आपल्याकडे खडकीच्या 1869 च्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं बाराची. आणि काडतुसात तडजोड चालत नाही: वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून बाराचं भरून चाप ओढला की नळीच फुटते. म्हणून तर वीसची काडतुसं पिवळी करतात.

1959 च्या शस्त्र कायद्याने पीक राखायला ठासणीची बंदूक वेगळी नमूद केली. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर परवाना असला तरी मनाला येईल तसं जनावर मारता येत नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तोंडातून भरून गजाने ठासायचे, एवढंच तिचं काम. दुकानातल्या काडतुसांच्या आकड्याशी तिला देणंघेणं नाही.