शिबिर उठल्यानंतर

मोतीबिंदूची जुनी शस्त्रक्रिया ही प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने निव्वळ वजाबाकी होती. डोळ्याची एकूण अपवर्तनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर. त्यांपैकी साधारण २० डायॉप्टर आतल्या भिंगाचे. गढूळ भिंग काढले की प्रकाशाची वाट मोकळी होई, पण प्रतिमा दृष्टिपटलावर उमटत नसे. ही तूट भरून काढण्यासाठी +१० डायॉप्टरच्या आसपासचा जाड चष्मा आयुष्यभर वापरावा लागे.

विसाव्या शतकातील भारतीय नेत्रशिबिरांचे यशापयश या चष्म्यावर टांगलेले होते. शाळेत वा धर्मशाळेत शस्त्रक्रिया होत, काही दिवसांनी पट्टी सुटे, चष्मा हाती पडे आणि पथक पुढच्या गावी जाई. चष्मा फुटला वा हरवला की तो माणूस पुन्हा आंधळा. नोंदवहीत मात्र त्याची शस्त्रक्रिया यशस्वीच. मोजल्या जात होत्या शस्त्रक्रिया, दृष्टी नव्हे.

१९७६ साली केंद्राचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय उघडले. संधिवाताने त्यांची बोटे वाकलेली होती, तरी शस्त्रक्रिया ते स्वतः करीत. पुढे अरविंदने गावात केवळ तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, अशी विभागणी केली. तेव्हा वेगळीच गळती दिसली: सल्ला दिलेले बहुसंख्य लोक येतच नव्हते. विचारपूस केल्यावर उत्तरे साधी निघाली. बसभाडे नाही, जेवणाची सोय नाही, सोबत कोणी नाही, भीती वाटते, अजून थोडे दिसते आहे. मग शिबिरातूनच रुग्णांना एकत्र बसने नेणे, जेवण देणे आणि काही आठवड्यांनी फेरतपासणीसाठी पुन्हा गावाकडे जाणे सुरू झाले. वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या बसला जागा नाही; दृष्टी परत आणण्यात तिचा वाटा शल्यचिकित्सकाच्या सुरीइतकाच मानावा लागेल.

चष्म्याचा प्रश्न अखेर भिंगाने सोडवला. १९९२ पासून मदुराईतील ऑरोलॅबमध्ये स्वस्त कृत्रिम भिंगे तयार होऊ लागली. सुमारे ३,४०० रुग्णांवरील मदुराई अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले; डोळ्यातच बसवलेले भिंग जाड चष्म्यापेक्षा सरस ठरले. जे हरवू शकते ते डोळ्याबाहेर ठेवायचेच नाही, हा उपाय अभियंत्याला शोभेल असा होता. तरीही १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका ग्रामीण पाहणीत, डोळ्यांचा त्रास असलेल्या प्रौढांपैकी शिबिरात आलेले जेमतेम ७ टक्के आढळले. एका दिवसाच्या शिबिराऐवजी गावाजवळचे कायमचे दृष्टिकेंद्र ही कल्पना पुढील दशकात त्यातूनच बळावली. तमिळनाडूतील थेनी परिसरात बर्कलीच्या संशोधकांनी लांब पल्ल्याच्या वाय-फायने अशी केंद्रे रुग्णालयाशी जोडली; डॉक्टर दूरचित्रसंवादाने रुग्ण पाहू लागले.

२०१६ साली गूगलच्या संशोधकांनी अरविंदसह काही भारतीय रुग्णालयांच्या सहकार्याने, दृष्टिपटलाच्या १,२८,१७५ प्रतिमांवर शिकवलेली संगणकप्रणाली जाहीर केली. मधुमेहाने दृष्टिपटलाला झालेली इजा ती तज्ज्ञांच्या तोडीने ओळखते. पण या आजारावर एकदा बसवून विसरावे असे भिंग नाही. ठरावीक काळाने तपासणी, गरजेनुसार लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन, आणि तेही बहुधा रुग्णाला स्वच्छ दिसत असतानाच सुरू करायचे. काचबिंदूचे थेंब तर गेलेली दृष्टी परत आणत नाहीत, उरलेली टिकवतात. रोज घालूनही रुग्णाला फरक जाणवत नाही. यंत्राचा निर्णय क्षणात येतो. चिठ्ठी घेऊन निघालेल्या माणसापुढे मात्र बसभाडे, बुडणारी मजुरी आणि सोबत कोण येणार हे प्रश्न तेच असतात.