वापरलेल्या एकटर्बाइन हेलिकॉप्टरची खरेदी

वापरलेल्या एकटर्बाइन हेलिकॉप्टरची खरेदी म्हणजे एकाच टर्बाइन इंजिनावर चालणारे हलके हेलिकॉप्टर पूर्वीच्या मालकाकडून विकत घेण्याचा व्यवहार होय. बेल २०६ जेटरेंजर, एएस-३५० एकुरिल, बेल ४०७ आणि रॉबिन्सन आर-६६ ही या वर्गातील परिचित यंत्रे आहेत. जेटरेंजरच्या पहिल्या नमुन्याचे उड्डाण १९६६ साली झाले आणि उत्पादन २०१० मध्ये थांबले. त्यामुळे ते आता वापरलेलेच मिळते. भारतीय सैन्यदलांतील चेतक हेही एकटर्बाइनच आहे.

आयुष्याचा हिशेब

जुन्या मोटारगाडीचा भाव तिच्या वयावर ठरतो, तर हेलिकॉप्टरचा भाव प्रामुख्याने त्याच्या सुट्या भागांच्या शिल्लक तासांवर ठरतो. मुख्य पंख्याची पाती, त्याचा दांडा, शेपटीच्या पंख्याची पाती अशा अनेक भागांना उड्डाणतासांची मर्यादा असते. ती संपली की भाग दिसायला कितीही निर्दोष असला तरी काढून टाकावा लागतो. काही यंत्रांना कालमर्यादाही असते. आर-६६ ची संपूर्ण दुरुस्ती २,००० तास किंवा १२ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावी लागते. म्हणून स्वस्त मिळालेले यंत्र वर्षभरातच महाग पडू शकते.

प्रत्येक भागाचा इतिहास नोंदवहीत व स्वतंत्र पत्रकात लिहिलेला असतो. हे कागद हरवल्यास तो भाग व्यवहारात निरुपयोगी ठरतो, कारण त्याचे किती तास उरले हे सिद्ध करता येत नाही. खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडूनच करून घ्यावी.

इंजिन

इंजिन सुरू करताना बॅटरी दुर्बळ असेल तर फिरण्याचा वेग अपुरा पडतो, हवा कमी मिळते आणि तापमान मर्यादेपलीकडे जाऊन टर्बाइनच्या पात्यांना इजा होते. अशा घटनेची नोंद वहीत शोधणे, शक्तिचाचणी घेणे आणि तेलातील धातूचे कण तपासणे ही कामे टाळू नयेत. समुद्राजवळ उडालेल्या यंत्रात क्षारांमुळे होणारी गंज हा वेगळा धोका असतो. दुसरे इंजिन नसल्याने बिघाड झाल्यास वैमानिकाला पंख्याच्या आपोआप फिरण्यावर भिस्त ठेवून उतरावे लागते.

भारतातील नियम

शिकागो करारानुसार एका विमानाची नोंदणी एकाच वेळी दोन देशांत वैध राहत नाही. त्यामुळे परदेशातून आणलेल्या यंत्राची आधीची नोंदणी रद्द झाल्यावरच त्याला भारताची ‘व्हीटी’ने सुरू होणारी खूण मिळते. नोंदणी व उड्डाणयोग्यतेचा दाखला नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे.

ठाणे परिसर

ठाण्याची वागळे इस्टेट ही यंत्रकामाची वसाहत आहे. तिथला कारखानदार अचूक दट्ट्या किंवा बुश सहज घडवील. परंतु मान्यता नसलेल्या कारखान्यात घडवलेला भाग हेलिकॉप्टरला लावता येत नाही, माप कितीही तंतोतंत असले तरी. २०२१ मध्ये भिवंडीजवळच्या एका शेतकरी-व्यावसायिकाने हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी गाजली होती. या परिसराला हेलिकॉप्टरसाठी जवळचा प्रमुख तळ म्हणजे १९२८ साली सुरू झालेला जुहूचा विमानतळ होय.